मिलान: १९२८ च्या ट्राममध्ये जेवत जेवत शहर बघितलं

दसरा झाल्यावर आईला घेऊन मिलानला जाऊन आले. माझी भाची तिथे पॉलिटेक्निकोमध्ये आर्किटेक्चर शिकते, तिची दोन वर्षं संपायच्या आत आजीला एकदा आण असं ती सारखी म्हणत होती. मिलान म्हणलं की लोक फॅशन, शॉपिंग आणि ड्युओमो (तिथलं मुख्य चर्च) एवढंच बोलतात आणि एक रात्र काढून व्हेनिसला पळतात. आम्ही मुद्दाम जास्त थांबलो आणि मला ते शहर फार आवडलं, त्यातही सगळ्यात जास्त तिथल्या ट्राम. आणि त्यातल्याच एका जुन्या ट्राममध्ये बसून केलेलं रात्रीचं जेवण हा तर ट्रिपचा सगळ्यात सुंदर भाग, म्हणून सविस्तर लिहितेय.

गुरुवार

व्हिसा, तिकिटं वगैरे नेहमीचंच, ते सोडून देते. माल्पेन्सा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे, जवळजवळ पन्नास किलोमीटर, पण तिथून थेट ट्रेन आहे, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. भाची स्टेशनवर घ्यायला आली होती. बारीक पाऊस, हवेत गारवा, आणि स्टेशनच्या बाहेर एक माणूस शेगडीवर चेस्टनट भाजत उभा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे सगळीकडे दिसतात, कागदाच्या पुडीत गरम गरम देतात. आईला खूप आवडले, नंतर रोज एक पुडी ठरलेली.

भाचीचं घर युनिव्हर्सिटीच्या भागात, चित्ता स्तुदीला. तिच्या कोपऱ्यावरून ३३ नंबरची ट्राम जाते. आम्ही बॅगा घेऊन रस्ता क्रॉस करायला थांबलो आणि समोरून ती आली, पिवळी आणि क्रीम रंगाची, एकच डबा, पुढे एकच मोठा दिवा, आणि टण टण घंटा वाजली. आई जागेवरच उभी राहिली. म्हणाली, "अगं, ही तर अगदी आपल्या दादरसारखी वाजते."

आईचं लहानपण हिंदू कॉलनीतलं. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घोड्याच्या ट्राम १८७४ ला सुरू झाल्या, विजेच्या १९०७ ला, म्हणजे एकूण नव्वद वर्षं मुंबईत ट्राम होती आणि माझ्या पिढीने त्यातलं काही म्हणता काहीही पाहिलं नाही. आम्हाला फक्त दादर टीटी (ट्राम टर्मिनस) हे नाव उरलंय. आई मात्र आजोबांबरोबर रविवारी डबलडेकर ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून बोरीबंदरपर्यंत जायची आणि तसंच परत यायची, उतरायचं कुठे नाही, नुसतं बसायचं. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं कधी बोलली नव्हती ती याबद्दल.

रात्री भाचीने वरणभात केला. जेटलॅगमध्ये त्यासारखं दुसरं काही नाही.

शुक्रवार

सार्वजनिक वाहतुकीचा संप! इटलीत हे अधूनमधून होतं आणि बऱ्याचदा शुक्रवारीच होतं. पण घाबरायचं कारण नाही, संपाच्या दिवशीही ठराविक वेळेत सेवा चालू ठेवावी लागते, मिलानमध्ये साधारण सकाळी पावणेनऊपर्यंत आणि मग दुपारी तीन ते सहा. संप आधी जाहीर होतो, तेव्हा जायच्या आठवड्यात एकदा बघून ठेवा. आम्ही सकाळ भाचीच्या कॉलेजच्या आवारात आणि जवळच्या आठवडी बाजारात घालवली. आईने लाल भोपळे, जांभळी गोल वांगी, मशरूमचे ढीग बघून घेतले, भाव विचारले, एका भाजीवाल्या आजोबांनी तिला तुळशीसारखी दिसणारी बेसिलची जुडी हातात देऊन वास घ्यायला लावला आणि पैसे घेतले नाहीत.

तीन वाजता बाहेर पडलो आणि भाचीने खास आजीसाठी १ नंबरची ट्राम पकडली. कुणीही मिलानला गेलं तर माझं हात जोडून सांगणं आहे, ही १ नंबर सोडू नका. सेंट्रल स्टेशनच्या भागातून ती येते, मग पियाझ्झा काव्हूरला शहराची जुनी दगडी वेस आहे बाराव्या शतकातली, तिच्या कमानीतून ट्राम आरपार जाते, मग मान्झोनी रस्ता, ला स्काला ऑपेरा, कोर्दुझिओ, किल्ला, आणि पुढे शांततेची कमान, म्हणजे आर्को देल्ला पाचे. टुरिस्ट बसवाले याच फेरीचे भरपूर पैसे घेतात. इथे साधं २.२० युरोचं तिकीट, ९० मिनिटं चालतं, त्यात मेट्रो-बस-ट्राम सगळं आलं. दिवसभराचा पास ७.६० चा. (जायच्या आधी दर एकदा तपासून घ्या, बदलत असतात.)

आता या ट्रामबद्दल. हे डबे १९२८ पासूनचे. तिथे त्यांना व्हेंतोत्तो म्हणजे अठ्ठावीस असंच म्हणतात, नाहीतर कारेल्ली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे पीटर विट म्हणून होते, त्यांच्या आराखड्यावरून बनवलेले. एकूण ५०२ बांधले होते आणि त्यातले शंभराहून जास्त आजही रोज लोकांना ऑफिसला आणि शाळेला सोडतायत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संग्रहालयात ठेवलेले नाहीत, फक्त टुरिस्टसाठी रविवारी काढलेले नाहीत, ज्या कामासाठी बनवले तेच काम करतायत. आत लाकडाची लांब बाकं खिडक्यांना पाठ लावून, पॉलिश केलेली, हात फिरवावासा वाटेल अशी, वर काचेचे दिवे, पितळी मुठी. सॅन फ्रान्सिस्कोनेही यातले काही डबे नेऊन तिकडच्या रस्त्यावर चालवलेत.

एक गोष्ट मात्र वयस्कर लोकांसाठी, पायऱ्या उंच आहेत. आई पंच्याहत्तरीची, गुडघे दुखतात, तिला चढताना आम्ही दोघींनी धरलं. पण ड्रायव्हर थांबला, आरशातून बघत राहिला आणि ती बसेपर्यंत गाडी हलवली नाही. आईच्या शेजारी एक इटालियन आजी होत्या, हातात पावाची पिशवी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण अर्धा तास गप्पा झाल्या, साडीच्या काठापासून ते गुडघेदुखीपर्यंत, आणि मधेमधे भाची थोडंसं सांगायची तेवढंच. उतरताना त्या आजींनी आईचा गाल धरला.

शनिवार

सकाळी ड्युओमो. १३८६ ला काम सुरू झालं आणि शेवटचा दरवाजा बसला १९६५ ला, म्हणजे आपली ट्राम बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षी. बाहेरून बघाच पण गच्चीवर नक्की जा, लिफ्ट आहे. संगमरवराच्या शिखरांच्या मधून चालायचं, प्रत्येक टोकावर एक पुतळा, एकूण ३४०० पुतळे म्हणतात. पाऊस थांबला होता, ढग खाली होते, आल्प्स दिसले नाहीत पण सगळ्यात उंच शिखरावरची सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीची मूर्ती, मध्येच ऊन पडून चमकली तेव्हा सगळे लोक एकदम आवाज करून वर बघायला लागले. मग शेजारची गॅलेरिया. काचेच्या छताची ती प्रचंड इमारत ज्याने उभारली तो आर्किटेक्ट मेंगोनी १८७७ च्या डिसेंबरात, काम संपत आलेलं असताना, तिथूनच पडून गेला. भाचीने हे सांगितल्यावर मी वर बघताना वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

दुपारी लुईनीचे पान्झेरोत्ती, ड्युओमोच्या मागच्या गल्लीत. तळलेली पारी, आत चीज आणि टोमॅटो. रांग मोठी दिसते पण भरभर सरकते. शाकाहारी लोकांनी मुद्दाम जावं. मात्र रात्री ट्रामचं जेवण असेल तर एकच घ्या, पोट रिकामं ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मिलानची सार्वजनिक वाहतूक चालवणारी एटीएम हीच कंपनी ही जेवणाची ट्राम चालवते, नाव आत्मोस्फेरा. त्याच १९२८ च्या डब्यांपैकी दोन घेऊन आतून रेस्टॉरंट केलंय. निघते किल्ल्यासमोरून, पियाझ्झा कास्तेल्लोवरून, रात्री आठला. बुकिंग भाचीने बरंच आधी करून ठेवलं होतं. बुक करतानाच मेन्यू निवडायचा असतो, मटण-चिकनवाला, माशांचा किंवा शाकाहारी. शाकाहारी मेन्यू वेगळा, पूर्ण, नीट विचार करून केलेला आहे, हे बघूनच मी हो म्हणलं होतं, कारण युरोपात चांगल्या ठिकाणी आईच्या ताटात नुसतं सॅलड येतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. बजेटमध्ये माणशी शंभर युरो बाजूला ठेवा. स्वस्त नाही. पण वाईन, पाणी, कॉफी त्यातच, आणि अडीच तासांच्या आसपास शहराची फेरी.

आम्ही पावणेआठलाच पोचलो. परत पाऊस सुरू झालेला, किल्ल्याच्या मनोऱ्यावर दिवे, ओले दगडी रस्ते, आणि ट्राम येऊन उभी. आत पाय टाकला आणि ऊब लागली. दोन्ही बाजूला खिडकीला लागून छोटी टेबलं, एकीकडे दोघांची, दुसरीकडे चौघांची, पांढरे टेबलक्लॉथ, पिवळसर दिवे, भिंतींना गडद लाकूड. एका टोकाला स्वयंपाकघर आहे आणि छोटं टॉयलेटसुद्धा आहे, हे मुद्दाम सांगते कारण आईचा पहिला प्रश्न तोच होता. वेटरने आईचा कोट घेतला, खुर्ची मागे ओढली, आणि बरोबर आठला घंटा वाजली.

आधी लाल भोपळ्याचा वाफवलेला मऊ वडीसारखा प्रकार, वर चीजचा पातळ सॉस आणि कुरकुरीत सेजची पानं. तो खाईपर्यंत कोर्दुझिओ मागे पडलं आणि ड्युओमोच्या चौकाच्या कडेने ट्राम वळली. सकाळी ज्या गच्चीवर आम्ही होतो ती पूर्ण उजळलेली, खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब, त्यातून ते पांढरं सगळं थरथरताना दिसलं आणि टेबलावरचे सगळे गप्प. वेग अगदी कमी, घास तोंडात असताना बघून होतं.

मग व्हिया तोरिनो, दुकानं बंद होत होती, लोक छत्र्या घेऊन घरी निघालेले. पुढे सान लोरेंझोचे रोमन खांब, सोळा आहेत, रस्त्याच्या कडेला सरळ रांगेत उभे, आणि त्यांच्या पायाशी कॉलेजची पोरं हातात ग्लास घेऊन बसलेली, पाऊस असून. एका स्टॉपवर सिग्नलला थांबलो तर बाहेरच्या माणसाला वाटलं ही आपलीच गाडी, तो दाराकडे आला, आत टेबलं बघितली आणि हसून आम्हाला हात केला. लहान पोरं तर प्रत्येक कोपऱ्यावर हात करत होती. आई सगळ्यांना उलटा हात करत होती.

वेटर लोकांचं मला फार कौतुक वाटलं. त्यांना प्रत्येक वळण पाठ आहे. वळणाच्या आधी दोन सेकंद ते थांबतात, कंबर टेबलाला टेकवतात, वळण गेलं की पुढे. ग्लास अर्धाच भरतात. चार ताटं हातावर घेऊन एक पोरगा आला आणि रुळांच्या क्रॉसिंगवर गाडी हादरली तरी सॉसचा थेंब सांडला नाही. मी विचारलं तर म्हणाला, पायांनी ऐकायचं.

रिसोत्तो आला दार्सेनाजवळ. दार्सेना म्हणजे कालव्यांचं जुनं बंदर, ड्युओमोचा संगमरवर या कालव्यांच्या पाण्यातून यायचा. केशराचा रिसोत्तो ही मिलानची भाताची खास डिश, रंग अगदी हळदीकुंकवातल्या हळदीसारखा, आणि आसट भाताइतका सैल, बशी हलवली तर पसरतो. आईने पहिला घास घेऊन डोळे मिटले. शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं: बाहेर कुठेही हा रिसोत्तो मागवताना विचारा, कारण पारंपरिक पद्धतीत मांसाच्या रश्श्यात आणि हाडातल्या मगजात करतात, वर दिसत काहीच नाही. इथे शाकाहारी मेन्यूत भाज्यांच्या पाण्यात केलेला होता, वेटरने किचनमध्ये जाऊन परत विचारून सांगितलं. आणि कडक पाळणाऱ्यांसाठी, पार्मेसानसारख्या चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (चीजसाठी दूध जमवायला वापरतात ते) असतं, तेव्हा चीज न घालता द्या असं आधीच कळवा.

आमच्या शेजारच्या टेबलावर बेर्गामोचं एक जोडपं होतं, सत्तरीच्या आसपास, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं. काकांनी आईला बराच वेळ बघितलं आणि भाचीला विचारलं की आजी सारख्या त्या मधल्या दाराकडे का बघतायत. आई म्हणाली, "मी बघतेय कंडक्टर कुठे बसत असेल." भाचीने सांगितलं आणि ते काका एकदम उठून उभेच राहिले. त्यांचे वडील मिलानच्या याच ट्रामवर कंडक्टर होते! लढाईनंतर, वीस-बावीस वर्षं. त्यांनी उठून दाखवलं, डब्यात कंडक्टरची ठरलेली जागा असायची, तिथे पैसे द्यायचे. हिवाळ्यात वडिलांचे पाय गारठायचे म्हणून काकांची आई त्यांना लोकरीचे मोजे दोन-दोन घालायला लावायची. मग माझ्या आईने सांगितलं की मुंबईत कंडक्टर फिरत यायचा, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि शेवटच्या स्टॉपला सीटची पाठ उलटी करून परत बसायचं, आणि तो खटाक् आवाज तिने टेबलावर हात आपटून करून दाखवला. काका हसले, म्हणाले त्यांना तो आवाज माहितीये. भाची बिचारी जेवायचं सोडून दोन्हीकडचं सांगत होती. काकूंनी विचारलं की मुंबईने बंद का केली? आई म्हणाली, बस आल्या, मोटारी वाढल्या, लोकांना वाटलं ट्राम मधे येते. काका म्हणाले, इथेही बऱ्याच लाईन्स काढल्या, सगळंच नाही वाचलं.

मला वाटत राहिलं की नव्वद वर्षं रुळलेली गोष्ट आपण काढून टाकली आणि आज तेच शहर मेट्रोसाठी वर्षानुवर्षं खणतोय. मिलानने पहिली विजेची ट्राम १८९३ ला चालवली, आपण फक्त चौदा वर्षांनी मागे होतो. किमान एक लाईन, बोरीबंदर ते दादर, ठेवली असती तर? आजही त्या रस्त्यावर चालली असती, मला खात्री आहे.

तिसरा कोर्स वांग्याची पार्मिजाना, वांग्याचे काप, टोमॅटो, चीज असे थर लावून भाजलेली. तोपर्यंत ट्राम शांततेच्या कमानीवरून फिरून मोनुमेंताले स्मशानभूमीच्या भव्य दारासमोरून जात होती. शेवटी तिरामिसू आणि कॉफी, ला स्कालासमोर. त्या ऑपेराची इमारत १७७८ ची, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात पार मोडली होती, तीन वर्षांत परत उभी केली. ड्रायव्हरने तिथे वेग अजून कमी केला. कुणाचं तरी गाणं संपून लोक बाहेर पडत होते, लांब कोट, छत्र्या, आणि आम्ही आत गरम कॉफी घेऊन. साडेदहाच्या पुढे किल्ल्याशी परत. उतरताना काकूंनी आईला मिठी मारली आणि काकांनी वाकून हात हातात घेतला.

ट्रामसाठी काही गोष्टी: खिडकीला लागून टेबल सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे जागेची चिंता नको. शहर उजळलेलं हवं असेल तर हिवाळ्यात जा, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. अॅलर्जी, कांदा-लसूण, अंडं (तिरामिसूत कच्चं अंडं असतं) हे बुकिंगच्या वेळी लिहून कळवा. आणि आधी १ नंबरने एकदा फिरून घ्या, मग जेवताना सगळं ओळखीचं वाटतं.

रविवार

सकाळी लिओनार्दोचं लास्ट सपर. तिकिटं महिनोन् महिने आधी संपतात, आत पंधरा मिनिटं मिळतात, थोडेच लोक एका वेळी. १९४३ ला या हॉलवर बॉम्ब पडला, छत आणि बाजूची भिंत गेली, चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांनी झाकलेली होती म्हणून राहिली. आई पूर्ण पंधरा मिनिटं उभीच होती, बस म्हणलं तरी बसली नाही.

दुपारी नाविलिओ ग्रांदे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कालव्याच्या दोन्ही काठांवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आमचं नशीब की तो तोच रविवार होता. पितळी दिवे, जुनी पोस्टकार्डं, बटणं, कढया. आईने एक कढई उचलून वजन केली आणि "आपल्याकडची जड असते" म्हणून ठेवली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, पाचलाच अंधारायला लागलं, धुकं उतरलं आणि कालव्याकाठच्या टेबलांवर आपेरितिवोची गर्दी सुरू झाली. एक ड्रिंक घेतलं की सोबत खायला देतात. आईसाठी बिनअल्कोहोलचं क्रोदिनो, नारिंगी रंगाचं, कडवट-गोड. तिला एवढं आवडलं की दुसरं मागवलं.

परत येताना १० नंबर आली, तीच जुनी. या वेळी आईने पायरीवर आधी स्वतः हात धरला आणि आम्हाला म्हणाली, "धरू नका गं, जमतंय मला."

सोमवारी सकाळची ट्रेन घेऊन वेरोना आणि मग व्हेनिस, त्याबद्दल वेगळं लिहीन. मिलानबद्दल किंवा ट्रामच्या बुकिंगबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मला माहीत असलेलं सगळं सांगेन.